पिकअपचे पाटे वाढवताना
कांद्याच्या गोण्या भरल्या की पिकअप मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइटचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून कमानीत जादा पाटा टाकतात. कमान कडक होते खरी, पण मग रिकामी गाडी उसळते, खड्ड्यात मागचं चाक जमीन सोडतं. त्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. तो ओझं पडल्यावरच टेकतो. पाटा वाढला की यू-बोल्टही लांब लागतात, आणि थोडी गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळावेच लागतात. सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल जागचा सरकतो. पाटे वाढले तरी ब्रेक, टायर तेच राहतात. आरसी बुकातलं वजन हीच मर्यादा. ती ओलांडली तर २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार.