प्लॅटिनमला सोबत कोणाची?

मिथेनॉल जाळून उष्णता मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्वाळेशिवाय त्यापासून सरळ वीजही मिळवता येते. इंधनघटात मिथेनॉलचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूबरोबर कार्बन डायऑक्साइड होताना ६ इलेक्ट्रॉन मोकळे करतो. हिशोबाने अशा एका घटातून सुमारे १.२ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात वीज घेऊ लागताच ०.३ ते ०.५ व्होल्टवर समाधान मानावे लागते. ही तूट बऱ्याच अंशी इंधनाच्या बाजूच्या धातूच्या सर्वांत वरच्या थरात येते.

प्लॅटिनम मिथेनॉलमधला हायड्रोजन सहज सोडवते. मागे उरतो तो कार्बन मोनॉक्साइड. तो पृष्ठभागावर ठाण मांडून बसतो आणि नव्या रेणूंना जागाच उरत नाही. त्याला हटवायला पाण्यातला ऑक्सिजन हवा. पण पाणी फोडायला एकट्या प्लॅटिनमला ०.७ व्होल्टच्या आसपास विभव लागते. इंधनाच्या बाजूलाच एवढे खर्ची पडले तर आपल्या हाती काय उरणार?

रुथेनियम हेच काम ०.२ ते ०.३ व्होल्टला सुरू करते. म्हणजे मिथेनॉल प्लॅटिनमने फोडायचे, पाणी शेजारच्या रुथेनियमने. ही श्रमविभागणी वातानाबे आणि मोटू या जपानी संशोधकांनी १९७५ साली मांडली. शिवाय रुथेनियमच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडची प्लॅटिनमवरची पकडही थोडी सैल होते.

फॉर्मिक आम्लाची गोष्ट वेगळी. त्याला दोन वाटा असतात: एक थेट कार्बन डायऑक्साइडकडे, दुसरी पाणी गमावून कार्बन मोनॉक्साइडकडे. या दुसऱ्या वाटेला प्लॅटिनमचे अनेक अणू लागोपाठ मोकळे लागतात. मध्ये मध्ये बिस्मथचे अणू बसवले की ती सलग जागा तुटते आणि विष मुळात तयारच होत नाही. इथे बिस्मथने नुसती जागा अडवली तरी पुरते. हाच उपाय मिथेनॉलला मात्र लागू पडत नाही, कारण त्याचा हायड्रोजन सोडवायलाच प्लॅटिनमचे शेजारी अणू लागतात.

तेव्हा औषध रोगी पाहूनच द्यावे लागते, आणि तेही मापात. रुथेनियम अति झाले, तर मिथेनॉल पकडायला प्लॅटिनम अपुरे पडते. दुसरी अडचण टिकाऊपणाची. रुथेनियम हळूहळू विरघळून पडद्यापलीकडे ऑक्सिजनच्या बाजूला पोचते आणि तिथल्या प्लॅटिनमचे काम मंदावते, हे लॉस अलामॉसच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले. उत्तम थर शोधणे हे निम्मेच काम झाले. तो वर्षानुवर्षे जागेवर राहील, तेव्हाच महागड्या प्लॅटिनमचे चीज होईल.