ढवळ्या गप्प का बसला?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बी. ए. ला मानसशास्त्र घेतले तेव्हा दादांनी विचारले होते, "याचा शेताला काय उपयोग?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज तो प्रयत्न करतो.

मी नववीत असताना आमचा ढवळ्या बैल दुखणाईत पडला. संध्याकाळी तो सारखा ऊठबस करीत होता, मागच्या पायाने पोटावर लाथा मारीत होता. सकाळी मात्र एकदम शांत झाला. मान टाकून बसला. रवंथ नाही, वैरणीला तोंड नाही. "उतार पडला," असे आम्हां सर्वांना वाटले आणि दादा निर्धास्तपणे शेतावर गेले. दुपारी ढवळ्या गेला. पराणी टोचताच उसळणारा हा बैल पोटात एवढी कळ असताना गप्प कसा बसला, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

उत्तराचा धागा मला मेंदूच्या आकृतीत सापडला. मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणारा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वास, नाडी, रक्तदाब यांचा कारभार मुख्यतः येथूनच चालतो. त्याच्या वरच्या टोकाला एक बारीक नाली असते आणि तिच्याभोवती करड्या पेशींचे वेष्टन असते. हा भाग सर्वच सस्तन प्राण्यांत आढळतो.

वेदना दोन तऱ्हांची असते. एक कातडीची, दुसरी स्नायू, सांधे व आतडी यांची. टॉमस लुईस या ब्रिटिश वैद्याने १९४२ साली वेदनेवरील आपल्या ग्रंथात हा भेद मांडला. कातडीला टोचले की माणूस झटकन हालतो, नाडी जलद होते. खोल वेदनेत तो निपचित पडतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मळमळते.

असे का व्हावे? चेतापेशी जोराने कामाला लागली की तिच्यात 'फॉस' नावाचे प्रथिन तयार होते. मेंदूचे पातळ काप रंगवले की कोणत्या पेशी जाग्या झाल्या होत्या ते दिसते. ऑस्ट्रेलियातील केव्हिन की आणि रिचर्ड बँडलर यांनी १९९३ साली उंदरांवरील असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कातडीच्या व खोल वेदनेने त्या करड्या वेष्टनाचे वेगवेगळे भाग जागे झाले होते. खोल वेदनेने जागा होतो तो खालच्या बाजूचा पट्टा. हा पट्टा मुद्दाम उत्तेजित केला की प्राणी निश्चल होतो, भोवतालची दखल घेत नाही, रक्तदाब व हृदयाचे ठोके उतरतात. त्याच्या शेजारचा पट्टा उत्तेजित केला तर उलट घडते : प्राणी झुंजतो किंवा पळतो आणि रक्तदाब चढतो.

यामागची योजना सरळ आहे. काट्यापासून पळता येते; पोटातल्या कळेपासून पळून जाणार कोठे? तेव्हा हालचाल थांबवून शक्ती राखणे एवढेच हाती उरते.

याच ठिकाणी वेदना दाबण्याचीही सोय आहे. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदराच्या या करड्या भागात विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि भुलीचे औषध न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. पुढे १९७५ साली ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अफूसारखे काम करणारी द्रव्ये वेगळी काढली. म्हणजे आपल्या देहातच थोडी अफू साठवलेली आहे! पण ही सोय अपुरी असते. निश्चलता म्हणजे वेदनामुक्ती नव्हे.

मुक्या जनावराला आपण ओरडण्यावरून, लाथा झाडण्यावरून पारखतो. ते तडफडले की धावतो, गप्प झाले की सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक रवंथ थांबले, कान पडले, जनावर कळपापासून बाजूला उभे राहिले, तर तेव्हाच पशुवैद्याला बोलावले पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी हे सारे दादांना समजावून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून गोठ्यात गेले आणि कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या गाईच्या पोटावरून हात फिरवू लागले. तिचे रवंथ चालू आहे हे पाहूनच ते घरात परतले.