डोळ्यातील जंतूची ओळख



मळणीच्या वेळी भाताचे तूस डोळ्यात उडते, तोडणीत उसाचे पान लागते. ओरखडा लहानच, पण त्यातून मातीतले जंतू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरतात. डोळा लाल होतो, दुखतो आणि बुबुळावर पांढरा ठिपका येतो.

जंतू कोणता, हे नुसत्या नजरेने कळत नाही. मातीतला नोकार्डिया हा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीसारखा तंतुमय दिसतो. पण बुरशीचे औषध त्याला चालत नाही, अमिकासिन चालते. म्हणून हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत (स्थापना १९८७) जखमेचा किंचित खरवडा घेऊन जंतू काचपट्टीवर पाहतात आणि वाढवूनही तपासतात.

तरीही ओळख पटली नाही, तर सर्व जीवाणूंत असणारा, सुमारे १५०० अक्षरांचा एक जनुक वाचतात. ज्ञात जातींशी तो ९८.७ टक्क्यांहून कमी जुळला, तर जात नवी असण्याचा संभव असतो. मग सगळे जनुक व गुणधर्म तपासूनच तिला नाव मिळते.

बायबलमधील तोबीताच्या डोळ्यांना वैद्यांनी जितके लेप लावले, तितकी त्याची दृष्टी मंदावत गेली. तेव्हा डोळ्यात दूध, मध वा झाडाचा चीक घालू नका. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नका. बुरशी असल्यास ती त्याने बळावते. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दृष्टी ही देवाची देणगी आहे, तिला जपा.