फळाविना फळाचा गंध

जबलपूर शहरातील अधारताल हा भाग राणी दुर्गावतीचा दिवाण आधारसिंह याच्या नावाच्या तलावावरून ओळखला जातो. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथेच आहे. या जिल्ह्यात चैत्राच्या पहाटे मोहाची फुले गळू लागली म्हणजे हवा गोड वासाने भरून जाते. फुलात साखर विपुल असते हे खरे. परंतु तो वास साखरेचा नव्हे. साखरेची सहजासहजी वाफ होत नाही, आणि जे हवेत मिसळत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही. (डब्यातील साखर हुंगून पाहावी.) गोडी ही जिभेची संवेदना होय, गोड चवीशी ज्या वासांची नेहमी सांगड पडते, त्यांनाच आपण गोड म्हणतो.

पिकलेल्या फळांचा गंध पुष्कळदा एस्टर नावाच्या संयुगांचा असतो. आम्ल आणि अल्कोहोल यांचा संयोग होऊन, पाणी बाहेर पडून, एस्टर बनते. ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याची दुर्गंधी असते. परंतु इथिल अल्कोहोलशी संयोग होताच तिचे रूपांतर अननसाच्या सुवासात होते. शिर्क्यातील अ‍ॅसेटिक आम्ल व आयसोअमिल अल्कोहोल यांपासून केळ्याचा वास मिळतो. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात असे कृत्रिम फलार्क मांडलेले होते.

एस्टर केवळ फळांतच असतात असे नाही. मध्य प्रदेश व खानदेशातील डोंगरांवर वाढणाऱ्या रोशा गवताच्या तेलात मुख्यतः गुलाबासारख्या वासाचे जिरॅनिऑल असते. त्याच्या अ‍ॅसेटिक एस्टरमुळे तेलाला फळासारखी गोडसर छटा येते. एके काळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई व गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई!

फळांच्या गंधाची एक अडचण आहे. हलके एस्टर लवकर उडून जातात. केळ्याच्या गंधाचे एस्टर सुमारे १४२ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून अत्तरात त्यांच्या जोडीला सावकाश उडणारी द्रव्ये घालतात. १९१९ सालच्या ‘मित्सुको’ या फ्रेंच अत्तरात पीच फळाच्या वासाचे असेच एक लॅक्टोन आहे. घरगुती मेणबत्तीतही व्हॅनिलिनसारखी द्रव्ये हेच काम करतात. मात्र तेथे गंध ज्योतीतून येत नाही. ज्योतीत सापडलेले सुगंधी रेणू जळून जातात. तो येतो वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून. म्हणूनच मेणबत्ती पेटविल्याबरोबर खोली दरवळत नाही. वातीभोवती मेणाचे लहानसे तळे पसरावे लागते.