जुनी कार्डे विकताना किंमत कशी ठरते?



माझा मावसभाऊ लहानपणीच अमेरिकेत गेला. १९८९-९० मध्ये जमवलेली बेसबॉलपटूंची दोन खोकी कार्डे त्याने परवा विकायला काढली. दुकानदार सगळ्यांचे मिळून चाळीस डॉलर म्हणाला. दादाचा फोन, "फसवतोय का रे हा?"

जुनं म्हणजे महाग, हा आपला समज. पण १९५२ चे मिकी मँटलचे टॉप्स कंपनीचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, ते फक्त जुने म्हणून नाही. त्या काळी मुलांनी कार्डे खेळून फाडली, आयांनी रद्दीत टाकली. न खपलेली खोकी समुद्रात बुडवल्याचे कंपनीच्याच माणसाने पुढे सांगितले. उरली थोडी. १९९० च्या आसपास उलटे झाले. पुढे भाव येईल म्हणून प्रत्येकाने जपून ठेवली, कंपन्यांनीही बेसुमार छापली. मग घेणार कोण?

म्हणजे दुकानदार ढिगाच्या बाबतीत खोटा नव्हता. पण ढीग न चाळता देऊ नये. नामवंत खेळाडूचे पहिल्या वर्षाचे कार्ड वेगळे काढायचे, कोपरे बघायचे. पीएसएसारख्या संस्था १ ते १० दर्जा देतात, पण फी घेतात. साध्या कार्डाला ती परवडत नाही. आणि ईबेवर मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. (चौथीच्या मुलांना हा फरक पटकन कळतो, मोठ्यांना वेळ लागतो!)

दादाला १९८९ चे अपर डेकचे केन ग्रिफी ज्युनियर सापडले, कोपरे शाबूत. ते ठेवून बाकी चाळीसला दिली.