घरीं व शिबिरांत चालणारा छोटा जनरेटर

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं पालकांपैकीं कोणी ना कोणी आम्हांस एक प्रश्न विचारतात: "सर, घरापुरता एखादा छोटा जनरेटर घ्यावा म्हणतों; कोणता बरा?" वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, वळवाच्या वादळांत तारा तुटतात, आणि पंखा बंद पडलेल्या खोलींत तान्हें मूल रडूं लागलें म्हणजे हा प्रश्न चैनीचा राहत नाहीं. म्हणून त्याचें उत्तर एकदां सविस्तर लिहून ठेवावें असें आम्ही ठरविलें.

खानदेशास हा विषय नवा नव्हे. भुसावळजवळ दीपनगरचें औष्णिक केंद्र अनेक वर्षें धूर सोडीत उभें आहे. तरीही २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत भारनियमनानें आपल्या गांवांचे काय हाल केले तें वडील मंडळींस ठाऊक आहे. शेजारीं वीज निघत असतां आपल्याच घरीं अंधार कां, असें मुलें तेव्हां विचारीत. त्याचें उत्तर एवढेंच कीं, ती वीज सर्व राज्याच्या जाळ्यांत जाते आणि तेथून वांटली जाते; केंद्राच्या शेजाऱ्याचा तिच्यावर वेगळा हक्क नसतो.

प्रथम यंत्र काय करतें तें पाहूं. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें फिरविलें असतां तारेंत प्रवाह उत्पन्न होतो, ही गोष्ट मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविली. आजच्या जनरेटरांत तेंच तत्त्व आहे. फक्त हातानें फिरविण्याऐवजीं पेट्रोलचें एंजिन फिरवितें. साध्या जातीच्या छोट्या यंत्रांत एंजिनास मिनिटाला सुमारें ३,००० फेरे घ्यावेच लागतात, कारण आपल्या घरच्या विजेचीं सेकंदाला ५० आवर्तनें त्या फेऱ्यांवर अवलंबून असतात. एकच दिवा लावा कीं दहा लावा, तें तितक्याच वेगानें धडधडत राहतें. दुसरी जात 'इन्व्हर्टर जनरेटर' या नांवानें मिळते. तिच्यांत निघालेली वीज आधीं एकदिश करून मग पुनः ५० आवर्तनांची केली जाते. त्यामुळें भार कमी असेल तेव्हां एंजिन मंद चालूं शकतें. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि संगणकासारख्या नाजूक वस्तूंस वीज अधिक स्थिर मिळते. किंमत मात्र बरीच जास्त. घरांत अभ्यासाला संगणक असेल तर आम्ही हीच जात घ्या म्हणूं. केवळ पंखे व दिवे असतील तर साध्या जातीनेंही काम भागतें.

आतां मुख्य प्रश्न, यंत्र केवढें घ्यावें. येथें बहुतेकांची फसगत होते, आणि ती दुकानदारानें फसविल्यामुळें होत नाहीं. आपण घरीं बसून बेरीज करीत नाहीं म्हणून होते. प्रत्येक उपकरणाच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. समजा, दोन छताचे पंखे, प्रत्येकीं ७५. चार एलईडी दिवे, प्रत्येकीं ९. एक कूलर २०० आणि फ्रिज १५०. बेरीज ५३६ वॅट. एवढ्यावरून कोणी ६०० वॅटचें यंत्र आणील तर फ्रिज सुरू होतांक्षणींच तें गुदमरेल. मोटर असलेली वस्तु सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमीच्या खुराकाच्या कित्येक पट वीज ओढते. फ्रिजनें पांचपट ओढली असें धरलें तर ७५० वॅट त्याचेच झाले, आणि एकूण मागणी ११३६ वर गेली. तेव्हां या घरास सतत १,२०० ते १,५०० वॅट देणारें यंत्र हवें. 'सतत' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितों. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आंकडा असतो तो पुष्कळदां कमाल शक्तीचा असतो, आणि ती शक्ति यंत्र थोडा वेळच देऊं शकतें. पाटीवरचा लहान आंकडा शोधावा. शिवाय केव्हीए आणि किलोवॅट हे एक नव्हेत. केव्हीए पाहून किलोवॅट समजल्यास हिशेब चुकतो.

एक अश्वशक्तीच्या पाण्याच्या मोटरीबद्दल नेहमीं विचारणा होते. ती चालतांना सुमारें हजार वॅट घेते, पण सुरू होतांना तीनपट किंवा त्याहून अधिक. केवळ तिच्यासाठीं मोठें यंत्र घेणें आम्हांस पटत नाहीं. वीज असतांना गच्चीवरची टांकी भरून ठेवावी. एवढ्या शिस्तीनें कित्येक हजार रुपये वांचतात.

खर्चाचेंही बोललें पाहिजे. छोट्या यंत्रांत एक लिटर पेट्रोलमधून साधारण सव्वा ते दीड युनिट वीज निघते. म्हणजे एका युनिटाचा केवळ पेट्रोलचाच खर्च महावितरणच्या दराच्या कित्येक पट होतो. म्हणून ज्यांच्याकडे वीज तास-दोन तासच जाते त्यांनीं जनरेटर घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. १५० अँपिअर-तासांची बॅटरी व इन्व्हर्टर यांवर दोनशे वॅटचा भार पांच-सहा तास सहज निघतो. आवाज नाहीं, धूर नाहीं. वीज दिवसदिवस जाते अशा मळ्यांतल्या घरीं, किंवा औषधें थंड ठेवावीं लागतात तेथें जनरेटरचा उपयोग खरा.

शिबिराची गोष्ट निराळी. तोरणमाळावर किंवा पालला मुलें घेऊन जातांना दिवे, मोबाइल आणि फार तर एक ध्वनिक्षेपक, एवढीच गरज असते. त्याला लिथियम बॅटरीची हातांत नेण्याजोगी पेटी पुरते. ती दिवसा सौरपत्र्यावर भरतां येते. पाटणादेवीचें रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत येतें. तेथें रात्रीं एंजिन धडधडत ठेवणें आम्हांस मुळींच योग्य वाटत नाहीं. ज्यांस जनरेटर न्यावाच लागेल त्यांनीं वजन पाहावें, आणि हेंही लक्षांत ठेवावें कीं उंचीवर हवा विरळ असल्यामुळें एंजिनाची शक्ति घटते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंच आहे; तेथें शक्तीचा दहावा भाग गेला असें धरावें.

आतां जें सांगण्यासाठीं हा लेख लिहिला तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका शिबिरास भाड्याचा जनरेटर नेला होता. रात्रीं पाऊस आला. यंत्र भिजूं नये म्हणून आम्हींच तें उचलून, मुलें निजलीं होतीं त्या पत्र्याच्या खोलीच्या पडवींत ठेवविलें आणि निर्धास्त झोपलों. मध्यरात्रीं एक मुलगा ओकारी आली म्हणून उठला. त्याचें डोकें ठणकत होतें. दुसऱ्यास हाक मारली तर तो उठेना. सर्वांस ओढून पावसांतच बाहेर आणलें. देवाची दया कीं सर्व बरे झाले. यंत्रांत कांहीं दोष नव्हता. दोष आमचा होता.

पेट्रोल जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेपटींहून अधिक ओढीनें धरतें, आणि मग शरीरास प्राणवायु पोंचेनासा होतो. झोपलेल्या माणसास तें कळतही नाहीं. म्हणून जनरेटर पडवींत, जिन्याखालीं, अर्धें शटर ओढलेल्या दुकानांत किंवा तंबूजवळ कधींही ठेवूं नये. खिडकी उघडी आहे, एवढ्यानें भागत नाहीं. घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर, धूर घराकडे येणार नाहीं अशा बाजूस तो ठेवावा. पाऊस आला तर यंत्र बंद करावें, अंधार सोसावा.

दुसरी चूक तारांची. जनरेटरची तार भिंतींतल्या सॉकेटांत खोंचून सर्व घर उजळण्याची युक्ति कांहीं जण करतात. तशानें वीज उलट मीटरमधून खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब हजारों व्होल्टपर्यंत वाढवितो, आणि तार मेलेली समजून खांबावर चढलेला लाइनमन त्या धक्क्यानें मरूं शकतो. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. किंमत फार नाहीं.

यंत्र घेतल्यावर त्यांत ऑइल आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. पुष्कळ नवीं यंत्रें ऑइलावांचूनच येतात. पेट्रोल भरतांना एंजिन बंद करून थंड होऊं द्यावें. महिन्यांतून एकदां पंधरा मिनिटें भार देऊन चालवावें, आणि पावसाळ्यानंतर बरेच दिवस लागणार नसेल तर टांकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. नाहीं तर शिळें पेट्रोल आंत चिकटतें आणि पुढच्या मे महिन्यांत, नेमकी गरज असतां, दोरी ओढून ओढून हात दुखतात.