जहाजात काय आहे, हे कोणाला ठाऊक होते?

१४ एप्रिलला धाराशिव शहर निळ्या झेंड्यांनी भरलेले असते. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. त्याच तारखेपासून देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. शाळांमध्ये प्रात्यक्षिके होतात, हुतात्मा जवानांना मानवंदना दिली जाते. हीच तारीख का निवडली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. तिचे मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, १९४४ सालच्या एका दुपारी आहे.

तेव्हा आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबई ब्रिटिशांच्या युद्धयंत्रणेचे मोठे बंदर होती. 'फोर्ट स्टिकीन' हे सुमारे ७,१०० टनी मालवाहू जहाज कॅनडात बांधलेले होते. फेब्रुवारीत ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले, कराचीला थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईत धक्क्याला लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता: तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो आणि २३८ टन अतिसंवेदनशील स्फोटके. शिवाय पेटाऱ्यांत सोन्याच्या विटा. कराचीत याखेरीज कापसाच्या हजारो गठाणी, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार चढवण्यात आले. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी या भरण्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. पण युद्ध चालू होते, जहाजे कमी होती, त्यामुळे मिळेल तो माल मिळेल त्या जागी भरला जात होता.

कापसाची आग कशी असते, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्या भागातला कापूस बार्शी लाइट रेल्वेने, येडशीवरून कुर्डुवाडीकडे आणि पुढे मुंबईकडे जाई, ते दिवस पाहिलेली पिढी अजून पुरती सरलेली नाही. घट्ट दाबलेल्या गठाणीत ठिणगी शिरली, तर ती बाहेर दिसत नाही. वरून पाणी मारले तरी आतपर्यंत पोहोचत नाही, आग धुमसत राहते. स्टिकीनच्या दोन नंबरच्या तळघरात अशाच गठाणी होत्या आणि त्यांच्या शेजारी, वर, स्फोटके. आग नेमकी कशाने लागली, याचा पुरावा उरला नाही. निष्काळजीपणे टाकलेल्या विडी-सिगारेटची शक्यता सर्वांत दाट मानली जाते.

१४ एप्रिलला दुपारच्या सुट्टीनंतर, दीडच्या सुमारास गोदी कामगार परतले आणि त्यांना तळघरातून धूर येताना दिसला. इथून पुढच्या अडीच तासांतच या दुर्घटनेचे खरे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. आग विझवणे सुरू झाले, बंब येत गेले, नळ्या लावल्या गेल्या, ९०० टनांहून जास्त पाणी ओतले गेले. आगीचा नेमका केंद्रबिंदू कुणाला सापडला नाही. डेक पायाला चटके देऊ लागला. दारूगोळा अधिकारी जहाजावर आले आणि धोका किती आहे हे त्यांनी सांगितले. जहाज बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, यावर चर्चा झाली. गोदीत खोली कमी, आणि कुणा एकाच्या हाती अंतिम निर्णय नाही. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आपल्या जवानांसह पाणी मारत राहिले.

दारूगोळा घेऊन येणाऱ्या जहाजावर लाल निशाण लावण्याची पद्धत होती, पण युद्धकाळात गुप्ततेपायी स्टिकीनवर ते नव्हते. गोदीतले बहुसंख्य लोक, शेजारच्या जहाजांवरचे खलाशी, मशीद बंदर आणि मांडवीच्या गोदामांत काम करणारे हमाल, यांपैकी कुणालाही आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे कळायला मार्ग नव्हता. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

३:५० ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४:०६ ला पहिला स्फोट झाला. कप्तान नेस्मिथ त्यात गेले. शेजारचे 'जलपद्म' हे जहाज उचलले जाऊन गोदीच्या शेडवर आदळले. सुमारे ४:३४ ला दुसरा, आणखी प्रचंड स्फोट झाला. हा हादरा सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. किल्लारी-सास्तूरचा १९९३ चा भूकंप अनुभवलेल्या आपल्या जिल्ह्याला या नोंदीचा अर्थ समजेल. पेटलेला कापूस, लोखंड आणि सोन्याच्या विटा शहरावर पडल्या. एक वीट गोदीपासून दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. पुढे गोदीतला गाळ उपसताना १९७० च्या दशकातही अशा विटा सापडल्या.

अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. कूम्ब्स गंभीर जखमी झाले. एकूण मृतांचा सरकारी आकडा सातशेच्या पुढे, पण इतर अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. अंदाजांत एवढा फरक असण्याचे एक कारण स्पष्ट आहे: रोजंदारीवर आलेल्या गोदी कामगारांची कायमची नोंदवहीच नव्हती. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला तो १९४८ मध्ये. बातमीवर तर तेव्हा सेन्सॉरची पकड होती. मुंबईत स्फोट झाल्याचे जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशीच सांगितले, भारतीय वाचकांपर्यंत तपशील पोहोचायला मात्र मे उजाडला. सुमारे सात महिन्यांच्या साफसफाईनंतर गोदी पुन्हा पूर्णपणे चालू झाली.

जगभरात हेच वारंवार घडत आले आहे. १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला 'माँ ब्लाँ' हे दारूगोळ्याचे जहाज पेटले आणि सुमारे १,८०० माणसे गेली. २०१५ मध्ये चीनमधल्या तिआनजिन बंदरात गोदामाला आग लागली; मृतांत निम्म्याहून अधिक अग्निशामक होते. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतमध्ये बंदरावर वर्षानुवर्षे पडून असलेले सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले. आग विझवायला पाठवलेल्या १० जणांच्या पथकाला आत काय आहे हे कुणी सांगितलेच नव्हते. त्यातला एकही परतला नाही.

आपल्या जिल्ह्याला बंदर नाही. पण सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीमार्गे जातो आणि त्यावरून रसायनांचे टँकर रात्रंदिवस धावतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा टँकरवर माहितीची पाटी लावावी लागते: पदार्थाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि आणीबाणीचा दूरध्वनी. अपघात दिसला, तर जवळ न जाता, सुरक्षित अंतरावरून ती पाटी वाचावी आणि १०१ किंवा ११२ ला फोन करताना तो क्रमांक सांगावा. तेवढ्या आकड्यांवरून बंब घेऊन येणाऱ्या जवानांना पाणी मारायचे की फेस, किती लांब थांबायचे, गाव रिकामे करायचे का, हे निघतानाच ठरवता येते.